खिशात कोंबलेली नोट

खानावळीतल्या म्हाताऱ्या बाईच्या एप्रनच्या खिशात मी नोट कोंबली आणि ती रडायला लागली. मी मुलीकडे जपानला गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. जेवून निघताना मी ताटाशेजारी बक्षीस म्हणून ती नोट ठेवली होती. ती परत द्यायला बाई स्वेटरही न घालता आमच्यामागे रस्त्यावर आली. आवाज न करता बर्फ पडत होता. दोन्ही हातांनी नोट पुढे धरून ती वाकत होती.

आमच्या बाभुळगावकडे लग्नातल्या स्वयंपाकीणबाईला पैसे दिले की ती तीनदा नको म्हणते. चौथ्यांदा कोंबावे लागतात. म्हणून मी कोंबले.

"आई, काय करून राह्यली तू?" मुलगी म्हणाली. "इथं बक्षीस घेत नाही कोणी. मालकानं पाह्यलं तर तिचं काम जाईल."

"मले काय माहीत? आपल्याकडे कोणती बाई पहिल्यांदाच हो म्हणते?"

मालक दारातच उभा होता. मागून वाफ येत होती, त्यात त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याच्या देखत मी तिच्या खिशातून नोट काढून माझ्या पिशवीत टाकली. मग मी वाकले, ती वाकली, पुन्हा मी वाकले. किती वेळ ते चाललं कोण जाणे. दोघींच्या केसांवर बर्फ साचला, पण स्वप्नात असल्यासारखं वाटत होतं, थंडी वाजत नव्हती. शेवटी मालकही वाकला आणि दार उघडं धरून त्यानं तिला आत घेतलं. काचेतून ती पुन्हा वाडगे उचलताना दिसली.

परक्या देशात हे सगळं करणारी बाई मी. सत्तरी ओलांडलेली, चौथी शिकलेली.