दुपारी बोलणारा माणूस

कवळ्या बनवायच्या कारखान्यात तिला सगळे 'दंतकथा' म्हणत. मेणात एकेक दात बसवताना तिची गोष्टही चालू असायची, म्हणून. बावीस वर्षं ती हेच काम करत होती. लग्न केलं नव्हतं. घरी ती आणि आई, दोघीच.

आईला विसरायला होऊ लागलं. एकदा गॅस तसाच चालू राहिला, तेव्हा धाकट्या भावानं परगावाहून फोनवर सांगितलं की ताई, आईच्या खोलीत कॅमेरा बसव, मोबाइलवर दिसत राहील. तिनं बसवून घेतला. मुठीएवढा, मान फिरवणारा, आवाज ऐकवणारा. कॅमेरेवाल्यानं तो कपाटावर ठेवला, पासवर्ड स्वतःच घातला आणि आता बिनघोर राहा म्हणाला.

दीडेक महिन्यानं आई जेवताना म्हणाली, "दुपारी तो असतो ना, फार गोड बोलतो."

"कोण गं येतं?"

"येत नाही. बोलतो."

डॉक्टरांनी भास होतील असं सांगितलंच होतं. तिनं आईच्या ताटात आणखी भात वाढला आणि विषय सोडून दिला. पण आई दुपारसाठी नटू लागली. केस नीट विंचरायची, निळा स्वेटर घालायची. संध्याकाळी लेक घरी यायची तेव्हा आईची खुर्ची कपाटाकडे तोंड करून असायची. लेक ती खिडकीकडे वळवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाटाकडे. मग एकदा आई म्हणाली, "तुझा गुडघा दाखवून घे, असं तो म्हणत होता." रविवारी आई आंघोळीला गेलेली असताना ती आईच्या खोलीत घसरून पडली होती. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तिनं कामावरून मोबाइल उघडला. एरवी ती सकाळीच काय ते बघायची. चित्र आपोआप सरकत होतं. तिचं बोट कुठेही लागलेलं नव्हतं. खिडकी, पलंग, मग आई. तिथे ते थांबलं. तिनं आवाज सुरू केला.

"आता डावा हात वर करा, आजी. शाब्बास."

आईनं हात वर केला. मागे कुठेतरी चारपाच जण हसले. मग तोच मऊ आवाज म्हणाला, "थांबा. ताई बघतेय वाटतं." कॅमेऱ्यानं सावकाश मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

हातातली कवळी तशीच टाकून ती घरी धावली आणि वायर उपटली. आई रडू लागली.

पुढे कळलं ते असं. कॅमेरेवाला प्रत्येक घरी एकच पासवर्ड ठेवायचा. कुणीतरी त्यावरून कॅमेऱ्यात शिरून आईला रोज इंटरनेटवर दाखवत होतं. त्या पानाला 'दुपारची आजी' असं नाव होतं.

भाऊ म्हणाला, पासवर्ड तू बदलायला हवा होतास. शेजारीण म्हणाली, बायकांच्या घरात कॅमेरा कशाला? पोलीस चौकीतल्या साहेबांनी कुणी बसवला, का बसवला, पासवर्ड का बदलला नाही, इतके दिवस कळलं कसं नाही, सगळं विचारलं. त्या माणसाबद्दल एक प्रश्न नाही. ती मान खाली घालून म्हणाली, चुकलंच माझं. दुसऱ्यांदा गेली तेव्हाही हेच म्हणाली.

मग एका सकाळी आईला घेऊन ती औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढच्या नीटनेटक्या कपड्यांतल्या माणसानं मागे वळून आईकडे पाहिलं. ओळखीचं हसला. आणि सावकाश आपला डावा हात वर केला. आईनंही केला, शहाण्या मुलीसारखा. तो औषधं घेऊन निघून गेला. तो बोलणारा नव्हता. दुकानदाराशी बोलला तो आवाज वेगळा होता. नुसता बघणाऱ्यांपैकी एक.

तिथून ती आईसकट थेट चौकीत गेली.

"साहेब, मी पासवर्ड बदलला नाही, ते लिहा," ती म्हणाली. "आईनं सांगितलं आणि मी ऐकलं नाही, ते तर मला जन्मभर पुरेल. पण ते खाली लिहा. वर आधी हे लिहा की एका माणसानं माझ्या आईला खेळणं केलं आणि लोक रोज वेळ काढून बघायला आले."

साहेब आईकडे बघत राहिले. मग त्यांनी आधीचा कागद बाजूला सारला आणि नवा घेतला.

ते पान बंद झालं. त्या पासवर्डाची आणखी अकरा घरं सापडली. चौकीतून प्रत्येक घरी माणूस गेला. बोलणारा मात्र अजून सापडलेला नाही. भावानं एकदा फोन केला आणि म्हणाला, "ताई, कॅमेरा बसव असं मीच म्हणालो होतो."

ती आता अर्धाच दिवस कामावर जाते. दोनच्या आत घरी येऊन आईसमोर बसते आणि कारखान्यात सांगायची त्या गोष्टी सांगते. आई पाहुण्यासमोर बसावं तशी अदबीनं ऐकते. एखाद्या दिवशी मध्येच पुढे वाकून कुजबुजते, "हळू बोल. तो ऐकतोय." कपाटावर आता काहीच नाही. तरी ती तिकडे एकदा बघून घेते, आणि मग गोष्ट पुढे सांगू लागते.