तिकडे रात्र आहे

"ताईला फोन लावून दे," असं बाबा म्हणाले, आणि मी लॅपटॉपवरून मान वर न करताच सांगितलं, "बाबा, तिकडे आत्ता रात्र आहे. झोपली असेल ती."

मे महिना होता आणि सकाळचे अकरा वाजले होते. ऑकलंडमध्ये तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. ताई शाळेत शिकवून घरी आली असेल, चहा पीत असेल. हे मला नक्की माहीत होतं, कारण माझी नोकरीच तशी आहे. गुरुग्रामच्या ज्या कंपनीसाठी मी घरून काम करतो, तिथे तीन खंडांतल्या माणसांच्या मीटिंगा जुळवणं माझ्याकडे असतं. कुठल्या देशात घड्याळ कधी तासभर पुढे करतात, कधी मागे, हे मला तोंडपाठ आहे.

बाबा केंद्र सरकारात अधिकारी होते. आम्हा दोघा भावंडांचं लहानपण दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. आई गेल्यावर ते माझ्याकडे अकराव्या मजल्यावर राहायला आले आणि वर्षभरात त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण आकडे निसटले. घड्याळात किती वाजले ते सांगता यायचं, त्यात साडेसहा-साडेसात तास मिळवणं जमायचं नाही. हात थरथरायचा म्हणून फोनही मीच लावून द्यायचो.

तो पहिला खोटेपणा मी घाईत केला होता. समोर मीटिंग होती. पण तो इतका सहज पचला की दुसऱ्या दिवशी मीटिंग नसतानाही मी तेच म्हणालो. ताईशी बोलल्यावर बाबा तासन्‌तास तिच्याबद्दल विचारत राहायचे. ती कधी येणार, तिथे थंडी आहे का, ती नीट जेवते का. माझी बायको सकाळीच कामावर जायची, घरी मी एकटा, त्या प्रश्नांना उत्तरं देऊन मी थकायचो. हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. तिचा आवाज ऐकला की त्यांचा चेहरा जसा फुलायचा, तसा माझ्यासाठी कधी फुलला नव्हता. त्यांची औषधं, अंघोळ, डॉक्टर सगळं मी बघत होतो. मला राग यायचा.

ताईचा मेसेज यायचा, "बाबा जागे आहेत का?" मी लिहायचो, "आत्ताच डोळा लागला." रविवारी मात्र दहा मिनिटं बोलणं करून द्यायचो. म्हणजे दोघांनाही संशय येत नसे.

एकदा बाबांनी विचारलं, "मग तिचा दिवस असतो तरी कधी?"

"आपण झोपलेले असतो तेव्हा."

"अच्छा, अच्छा," ते म्हणाले. दिल्लीच्या ऑफिसातली जुनी सवय.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पहाटे पाच वाजता मी पाणी प्यायला उठलो, तर बाबा हॉलमध्ये बसलेले. नुकतं उजाडत होतं. त्यांनी एका हाताने कसाबसा इस्त्रीचा शर्ट घातला होता, बटणं वरखाली लागली होती. केस ओले करून विंचरलेले. माझा फोन समोर टीपॉयवर ठेवलेला.

"आता दिवस असेल ना रे तिकडे?"

होता. साडेअकरा वाजले होते तिथे. मी त्यांच्या शर्टाची बटणं काढून नीट लावली आणि म्हणालो, "ती आता शाळेत शिकवत असेल, बाबा. कामाच्या वेळी कसं बोलणार?"

"बिल्कुल, बिल्कुल. कामाच्या वेळी नको," ते म्हणाले आणि स्वतःच उठून आत गेले. पुन्हा त्यांनी मला फोन लावायला सांगितलं नाही.

डिसेंबरमध्ये ताई आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पोहे खात होतो. बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "तू रात्रपाळी करतेस का गं? कधी बघावं तर झोपलेली, नाहीतर कामावर."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी बशीत पाहिलं. मग ती म्हणाली, "करत होते, बाबा. आता सोडली."

बाबांना बरं वाटलं. मग स्वयंपाकघरात बशा विसळताना ती हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या सकाळी मी रोज मोकळी असते. तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मला वाटायचं, बाबांनाच आता माझ्याशी बोलायला नको असतं." एवढंच बोलून तिने नळ मोठा सोडला.

ती परत गेल्यावर रोज सकाळी अकराला फोन लावायला मी सुरुवात केली. एकही दिवस चुकवला नाही. पण फेब्रुवारीत बाबांना दुसरा झटका आला आणि त्यात बोलणं गेलं. ताई पडद्यावर बोलायची, गाणी म्हणायची, आणि ते तिच्याकडे बघत राहायचे. ओळखत होते की नाही, कुणास ठाऊक. ते भरभरून बोलू शकत होते असे सात महिने मी दोघांकडूनही काढून घेतले होते. पावसाळा संपता संपता ते गेले.

त्यानंतर मी ताईला सगळं सांगितलं. थकवा सांगितला, रागही सांगितला, पहाटेचा तो शर्टसुद्धा.

"अजून माफ नाही करता येत मला," ती म्हणाली. "पण तुझ्याशी बोलणं बंद करायचं नाहीये. आता माहेर म्हणून तूच आहेस."

ती फोन करते. आम्ही तिच्या बागेबद्दल, माझ्या ब्लड प्रेशरबद्दल बोलतो. बाबांचं नाव निघालं की दोघंही सावध होतो. मग तीच विषय बदलते, मला सांभाळून घेते, आणि मला ते फार लागतं.