काडेचिराईताचं पहिलं पाणी

लग्न होऊन मी देवासला आले तेव्हा घरात सासू नव्हती, वन्सं होत्या. यजमानांच्या थोरल्या, बालविधवा बहीण. यजमान दरबारच्या कचेरीत कारकून. घरी मात्र दरबार वन्संचा. त्यांचं सोवळं इतकं कडक, की वाऱ्यालाही आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ दिलं नसतं. मी त्यांना भीत असे, आणि मनातून चिडतही असे.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी वन्संना पाळीचा ताप धरला. दर तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरे. अंगावर मांस म्हणून उरलं नाही. वैद्यबुवांनी कडूजहर काडेचिराईताचा काढा सांगितला. काड्या मिळाल्या त्या एका म्हाताऱ्या भोट्या फेरीवाल्याकडून. तो दर हिवाळ्यात हिमालयाच्या पहाडातून हिंग, शिलाजित आणि जडीबुटी घेऊन आमच्या आळीत येई.

"कुणाकुणाचे हात लागलेत त्याला! तीन पाण्यांतून काढ," वन्सं अंथरुणातून म्हणाल्या.

मग मी काड्या तीनदा कढत पाण्यात भिजवी, ते पाणी मोरीत ओती आणि चौथ्या पाण्याचा काढा करी. वन्सं तो घटाघटा पीत. कारलं साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच म्हणतात. पण वन्संच्या सोवळ्यापुढे काडेचिराईतानंही हात टेकले. पंधरा दिवस झाले तरी ताप हटेना.

म्हातारा पुन्हा दारी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला.

"बाई, दवा तो तुमने मोरी को पिला दी! हमारे मुलुक का वैद पहला पानी कभी नहीं फेंकता."

वन्संना फसवणं म्हणजे पाप, आणि न फसवावं तर त्या हातच्या जाणार. मला रडू फुटलं. इतकी माया त्यांच्यावर आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. मी पाप पत्करलं.

दुसऱ्या दिवशी न धुतलेल्या काड्यांचा काढा दिला. पहिल्याच घोटाला वन्संचं तोंड वेडंवाकडं झालं.

"धुतलंस ना गं?"

"हो वन्सं. तीन पाण्यांतून."

त्यांनी एकदा काढ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी फुलपात्र रिकामं केलं.

हळूहळू तापाची पाळी चुकू लागली आणि ताप गेला. तोवर रोज सकाळी वन्सं तेच विचारीत, "धुतलंस ना गं?" आणि मी तोंड उघडायच्या आत काढा पिऊन टाकीत.