केळे समाविष्ट नाही

केळं डब्यात बसत नव्हतं.

मुरलीशेठ स्वतः प्रयत्न करत होते. डबा पिवळा, केळ्याच्या आकाराचा, मशीनमधून नुकताच निघालेला, अजून कोमट होता. शेठनी केळं आधी देठाकडून घातलं, नंतर टोकाकडून. दोन्ही वेळा झाकण अर्ध्यावर अडलं. तेव्हा त्यांनी जोर लावला आणि केळं मधोमध फुटून टेबलावर आलं.

"मॅडम, डबा चुकलाय," शेठ म्हणाले.

"डबा ड्रॉइंगप्रमाणेच आहे, शेठ. मोजून घेतलाय."

"मग केळं चुकलंय. दुसरं आणा."

दुसरं आणलं. ते आत गेलं आणि खुळखुळायला लागलं.

मी वंदना तायडे. जळगावच्या एमआयडीसीतल्या मुरलीशेठच्या प्लास्टिक कारखान्यात डिझाइन इंजिनिअर आहे. भुसावळहून रोज अप-डाऊन करते. माझं काम म्हणजे डाय काढणं. डाय म्हणजे पोलादाचा साचा. घरातला करंजीचा साचा डोळ्यासमोर आणा. त्याचे दोन भाग मिटतात, आत सारण दाबलं जातं, उघडलं की करंजी. आमच्याकडे सारणाच्या जागी वितळलेलं प्लास्टिक आणि हाताच्या जागी खोलीएवढं मशीन. फरक एवढाच की करंजी बिघडली तर खाऊन टाकता येते. डाय बिघडली तर ती कित्येक वर्षं तुमच्याकडे बघत बसते.

आमचा कारखाना बादल्या आणि मग बनवायचा. खानदेशात सकाळी कुणी अंगावर पाणी घेत असेल तर त्याच्या हातात आमचा मग असण्याची बरीच शक्यता होती. शेठना त्याचा अभिमानही होता. तो त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यापर्यंत टिकला.

साखरपुडा पुण्यात होता. व्याही कसल्याशा मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. जेवताना त्यांनी विचारलं, "तुमचं मेन प्रॉडक्ट काय?"

"बाथरूमचा मग," शेठ म्हणाले.

व्याह्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "छान. बेसिक नीड आहे."

तो 'बेसिक' शेठना लागला. परत आल्यापासून ते मोबाइलवर 'इनोव्हेटिव्ह प्रॉडक्ट' शोधायला लागले. रोज सकाळी मला केबिनमध्ये बोलवायचे आणि व्हिडिओ दाखवायचे. उकडलेलं अंडं चौकोनी करायचा साचा. मांजराची छत्री. नूडल्स गार करायला काट्यावर बसवलेला पंखा. या सगळ्या वस्तूंमध्ये एक गोष्ट समान होती. त्या नसल्यामुळे आजवर कुणाचंही काही अडलेलं नव्हतं.

त्यातच त्यांना केळ्याचा डबा सापडला. एका केळ्यासाठी एक डबा, म्हणजे ते बॅगेत दबत नाही. परदेशात लोक तो घेतात, असं व्हिडिओत म्हटलं होतं.

"शेठ, केळ्याला साल असते," मी म्हणाले.

"सालीला ब्रँड नसतो," शेठ म्हणाले.

पुढच्या काही आठवड्यांत माझं हे सालीचं वाक्य मी वॉचमनपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं. प्रत्येकाला वाटायचं की हे आपल्यालाच सुचलं. शेठ मात्र ऐकणाऱ्यातले नव्हते. "जळगावची केळी जगात जातात. जळगावचा डबा का जाऊ नये?" असं त्यांचं म्हणणं. ऐकायला बरोबर वाटतं. अशी वाक्यं फार महागात पडतात.

डबा काढायचा तर केळ्याचं माप हवं. मी रावेरकडे एका बागाईतदाराच्या शेतात गेले. सगळे त्यांना आबा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, पांढरा सदरा, खिशात दोन मोबाइल. आमच्या पूर्व भागात बोलताना 'ळ' चा 'य' होतो, त्यामुळे आबांकडे केळं नसतं, केय असतं.

"केयाले डबा?" त्यांनी नमुन्याचा डबा हातात फिरवला. हा आम्ही ऑनलाइन मागवला होता. मला वाटलं, आता सालीचं वाक्य येणार. पण आबा गंभीर झाले. "हे बेस हाये, ताई. माह्या नातीले पाठवतो. तिचं केय दप्तरात रोज चेंदतं."

नंतर त्यांनी टोपी नीट केली, झाडाखाली उभे राहिले आणि डबा छातीशी धरून माझ्याकडून फोटो काढून घेतला. मी गाडीत बसायच्या आत तो त्यांच्या शेतकरी ग्रुपवर गेलाही होता. खाली सतराशे साठ अंगठे.

मी मात्र कागद आणि माप घ्यायचा व्हर्नियर घेऊन घडाखाली बसले. घडातल्या वरच्या फणीची केळी लांब आणि वाकडी, खालच्या फणीची आखूड. एकाच फणीतली कडेची आणि मधली वेगळी. बरीच मापं घेतली, ऑफिसात आले आणि कॉम्प्युटरवर सरासरी काढली. स्क्रीनवर एक सुंदर केळं तयार झालं. तसं केळं खानदेशातल्या कुठल्याही झाडाला आजवर लागलेलं नाही.

मी शेठना सांगितलं, "सगळ्या केळ्यांना बसेल असा एकच आकार होत नाही."

"लोकांना चपला बसतात ना?"

"चपलांना नंबर असतात."

"आपण फ्री साइझ काढू," शेठ म्हणाले.

ट्रायलच्या दिवशी फ्री साइझचं काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच. मग आम्ही पोलाद आणखी कोरलं आणि डब्याचं पोट वाढवलं. आता सगळी केळी आत जायला लागली. निम्मी खुळखुळायची. शेठ म्हणाले, खुळखुळू द्या, झाकण तर लागतंय.

पहिला माल दाखवायला आम्ही धुळ्याला गेलो. तिथले वसंतनाना आमचे जुने घाऊक व्यापारी. मूळचे शिंदखेड्याचे, अजूनही अहिराणीतच बोलतात. आमचे निम्मे मग एकटे तेच उचलायचे. एप्रिल संपत आला होता. शेठनी सकाळी जळगावात एक पिकलेलं केळं डब्यात घातलं, डबा गाडीच्या काचेपाशी ठेवला आणि वाटेत कुठे चहालाही थांबू दिलं नाही.

नानांच्या दुकानात त्यांनी डबा काउंटरवर ठेवला.

"हाई काय शे?" नानांनी विचारलं.

"उघडून बघा, नाना."

नानांनी उघडलं. आधी वास आला. केळं काळं पडलं होतं आणि त्याला पाणी सुटलं होतं. पिकलेलं केळं एक वायू सोडतं आणि त्याच वायूने ते आणखी पिकतं. हवाबंद डबा, त्यात धुळ्याचं ऊन. आम्ही केळं सुरक्षित ठेवायला जो डबा काढला होता, तो केळं शिजवायला उत्तम होता.

नानांनी डबा शेठकडे सरकवला. "भाऊ, हाई मना दुकानमा ठेवसू त बठ्ठा हासतीन. मग कोठे शेतस?"

म्हणजे हे दुकानात ठेवलं तर सगळे हसतील, आणि मगांचा माल कुठे आहे. लग्नसराई सुरू होती आणि नानांच्या फळ्यांवर आमचे मग संपत आले होते. शेठ म्हणाले, पुढच्या आठवड्यात पाठवतो.

तेवढ्यात काउंटरमागून नानांची सून अश्विनी आली. ती दुकानाचा हिशोब बघते आणि फावल्या वेळात रील्स करते. तिला आधी तो करंजीचा साचाच वाटला. काय आहे ते कळल्यावर तिने दुसरा, रिकामा डबा उचलला आणि कानाला लावला. "हॅलो, जळगाव? केळं आहे का घरात? नाही? डब्यात गेलंय?" मोबाइलसमोर तिने हे इतकं शांत चेहऱ्याने केलं की मला हसू आवरेना. शेठनाही आवरलं नाही. नानाच तेवढे हसले नाहीत.

ती रील चालली. खूप चालली. लोक ती एकमेकांना पाठवत होते, खाली आम्हाला नावं ठेवत होते, आणि नावं ठेवून झाली की डबा कुठे मिळेल असं विचारत होते. शेठनी तो ऑनलाइन विकायला ठेवला. पुणे, बंगळूर, सुरत, कुठून कुठून ऑर्डरी आल्या. मी मधल्या काळात डब्याला भोकं पाडून घेतली होती, म्हणजे वायू बाहेर जावा. आता भोकांतून रस बाहेर यायचा. पण तक्रार करायला डब्यात केळं घालावं लागतं आणि तसं करणारे फार थोडे निघाले. बहुतेकांनी तो कानाला लावून फोटो काढले.

माल पुरेना. शेठनी मगांच्या मशीनवर डब्यांची डाय चढवायला सांगितली.

"आणि नानांचा माल?" मी विचारलं.

"नाना कुठे पळून चाललेत?"

मग परतीचा माल सुरू झाला. ऑनलाइन घेतलेली वस्तू लोक परत पाठवतात आणि कारण लिहितात. सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं कारण मला आधी कळलंच नाही. म्हणून एका बाईंना मी फोन लावला. त्या बाणेरच्या होत्या.

"मॅडम, तुम्ही 'वस्तू अपूर्ण' असं लिहिलंय. झाकण नव्हतं का?"

"झाकण होतं. केळं नव्हतं."

"केळं?"

"फोटोत होतं ना. तुम्ही फोटोत दाखवता आणि रिकामा डबा पाठवता. ही फसवणूक आहे."

"मॅडम, केळं पोहोचेपर्यंत खराब होईल."

"मग डबा कशासाठी आहे?" बाई म्हणाल्या.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला याहून सरळ प्रश्न कुणी विचारलेला नाही. मी तो तसाच शेठना सांगितला. शेठनी विचार केला आणि स्टिकर छापून घेतले. पॅकिंगच्या बायका खाली बसून प्रत्येक डब्यावर चिकटवायच्या, 'केळे समाविष्ट नाही.' बाहेर रस्त्यावर केळ्यांनी भरलेले ट्रक जात असायचे.

त्यानंतर शेठनी चार कॅव्हिटीची डाय काढायचं ठरवलं. आमची डाय एका वेळी एकच डबा द्यायची. चार कॅव्हिटी म्हणजे मशीन एकदा मिटून उघडलं की चार डबे. अशी डाय अवाढव्य असते, तयार व्हायला काही महिने लागतात, आणि तिच्यातून दुसरं काहीही बनत नाही. मी ड्रॉइंगवर सही करायला नकार दिला.

"शेठ, डाय येईपर्यंत हे संपलेलं असेल."

"तुम्ही आकार बघा, मॅडम. मार्केट मला कळतं."

"लोक डबा घेत नाहीयेत. रील घेतायत."

शेठ हळूच म्हणाले, "व्याह्यांनी डायनिंग टेबलवर ठेवलाय. आल्यागेल्याला दाखवतात. म्हणतात, हे आमच्या व्याह्यांचं इनोव्हेशन."

तरीही मी सही केली नाही. शेठनी काम राजकोटच्या एका टूलरूमला, म्हणजे डाय बनवणाऱ्या कारखान्याला दिलं. मी ड्रॉइंगला नाही म्हटलं काय, हो म्हटलं काय, त्यांना सारखंच होतं.

पावसाळा संपता संपता अश्विनीने नवी रील टाकली. त्यात कलिंगड उचलायची जाळीची पिशवी होती. ती आमची नव्हती. लोक तिकडे गेले. ऑर्डरी थांबायला एक आठवडाही लागला नाही. दिवाळीच्या तोंडावर क्रेनने राजकोटची डाय उतरवली. शेठनी तिला नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि मशीनवर चढवायचं नाव काढलं नाही.

मग आम्ही मगांचा माल भरून पुन्हा धुळ्याला गेलो. नानांच्या दुकानात आमच्या फळ्यांवर गुजरातचे मग होते. निळे, गुलाबी, नीट रांगेत.

"नाना, हे काय?" शेठ म्हणाले.

नानांनी शेठना खुर्ची दिली, पाणी दिलं. आवाज चढवला नाही. "मुरलीभाऊ, लगनसराईमा तुमले कितला फोन कयात. तुमी म्हनात, मग नही शेतस, केळाना डबा लई जा. आते गिऱ्हाईक काय केळाना डबामा पानी लिसन आंग धोई?"

शेठनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मी दुकानाबाहेर बघत होते. शेवटी नानांनीच विषय मोडला. खालची एक फळी मोकळी करून दिली. वरच्या तीन गुजरातकडेच राहिल्या. जुनी ओळख म्हणून तेवढं मिळालं, असं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला ते कळलं.

परतताना पारोळ्यापाशी शेठ म्हणाले, "व्याह्यांचा फोन होता. त्यांना आणखी डबे हवेत. सोसायटीत वाटायला."

"चांगलं आहे. पाठवू या."

"फुकट मागतायत," शेठ म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

आता मशीनवर पुन्हा मग निघतात. नानांकडची दुसरी फळी मिळवायला आम्हाला पुढचं वर्ष गेलं, उरलेल्या दोन अजून मिळायच्या आहेत. चार कॅव्हिटीची डाय स्टोअरमध्ये आहे. पोलादाला गंज चढू नये म्हणून अधूनमधून तिला तेल लावावं लागतं. स्टोअरचा माणूस चारही केळ्यांच्या खोबणींत बोट घालून मन लावून तेल लावतो.

नव्या इंजिनिअरांना मी या प्रकरणातून एकच गोष्ट सांगते. हसू येणारी वस्तू माणूस एकदा विकत घेतो. मग फुटला की तो दुसरा आणायला दुकानात येतो. त्या दिवशी फळीवर आपला मग असला पाहिजे.