तिसरा कप

सुनेनं आज कॉफीच्या हिरव्या बिया तव्यावर भाजायला घेतल्या आणि त्या धुरानं मला थेट विद्यापीठाच्या हॉस्टेलवर नेलं.

तिथं परदेशी विद्यार्थिनींचं एक मंडळ होतं. त्यात सोलापूरची मी एकटीच. दर रविवारी इथिओपियाची सेलाम तिच्या खोलीत कॉफी भाजायची आणि धुराचा तवा प्रत्येकीच्या नाकासमोर फिरवायची. मग तीन वेळा कॉफी. तिसरा कप आशीर्वादाचा. तो घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि ओतायचा तो तिनंच.

त्या रविवारी दुसरा कप संपला आणि खालून तिला हाक आली. पुण्यात शिकणारा तिचा भाऊ आला होता. "बसा, आलेच की," ती माझ्याकडूनच शिकलेल्या मराठीत म्हणाली. आम्ही बसलो. शेगडी विझली, मातीच्या सुरईतली कॉफी गार झाली. अंधारून आलं तेव्हा हॉस्टेलच्या मावशी दारात आल्या.

"उठा की आता पोरींनो. तिच्या घरी कायतरी लई वाईट झालंय. भाऊ तसाच घेऊन गेला बगा तिला."

आम्ही एकेक करून उठलो. पुढं आम्ही वर्गात असताना भाऊ येऊन सामान घेऊन गेला, पण सेलामचा पत्ता कधीच लागला नाही. मंडळही हळूहळू विरलं. तेव्हा वाटलं होतं, एक कप कॉफीच तर राहिली.

इतक्यात खाली बेल वाजली. "आई, बसा, आलेच की," म्हणत सून जिना उतरली.

गुडघे आखडलेत. पण ती वर येईपर्यंत मी जागची हलणार नाही.