निजलेलं लेकरू

माझी चिमी तापात गेली, तेव्हापासून रोज संध्याकाळी मी उंबऱ्याबाहेर वाटीभर दूध ठेवत असे. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "लेकराचा जीव भुकेला हाय, घराभोवतीच फिरून राह्यला." आम्ही शनिवारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळणारे ख्रिस्ती. आमच्यात असं करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण चिमी खरंच भुकेनं फिरत असली तर? देवळातल्या शब्बाथ शाळेत बायबलाचा धडा चाले, बाकीच्या बाया खुशाल प्रश्न विचारत. मी मात्र दुधाचं विचारायला लाजत असे.

एका शनिवारी देवळात प्रभुभोजनाचा विधी होता. त्याआधी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, आमच्या बाया एकमेकींचे पाय धुतात. जोड्या जमल्या आणि मी नेहमीसारखी भिंतीशी उरले. मनात म्हटलं, प्रभू, आज तरी कुणी पाठव. तेवढ्यात सिंदी स्टेशनावरून पायी आलेली एक अनोळखी म्हातारी आत शिरली. तिनं घंगाळ ओढलं आणि सरळ माझा पाय धरला. मला गुदगुल्या झाल्या, हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच आलं.

"काऊन वं माय? पाणी गरम हाय का?"

मी तिला दुधाचं सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मले वाचता येत नाई. बायबलातलं लाजराचं तू वाच."

चौथीपर्यंत शिकलेली मी, ओळीवर बोट ठेवून सगळ्यांसमोर वाचू लागले. येशूचा मित्र लाजर मरतो, तर येशू म्हणतो की तो झोपला आहे, मी त्याला उठवायला जातो. मग चार दिवसांनी कबरेपाशी हाक मारतो आणि लाजर चालत बाहेर येतो.

"आता पाह्य, कुठं फिरला, काय खाल्लं, काई सांगतलं त्यानं?"

मी पुढचं पान उलटून पाहिलं. "नाई."

"झोपलेला माणूस काय सांगन? तुही चिमी निजली हाय. भूक नाई, भेव नाई. प्रभू हाक मारन तवा उठन." मग तिनं चिखलानं भरलेला पाय पुढे केला. "आता माहे धू. अर्धं वावर घेऊन आली मी!"

बाया खो-खो हसल्या. मीही.

सूर्य मावळला, शब्बाथ संपला, मी चूल पेटवली. दुधाची वाटी हातात घेतली, दाराकडे पाहिलं, आणि सगळं दूध चहात ओतलं.

"आज सण हाय का वं?" आमचे हे म्हणाले. "चहा बासुंदीवाणी झाला!"

ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. तिला कुणी पाठवलं, हे मी कुणाशी बोलत नाही, नुसते आभार मानते. निजलेल्या लेकराला घडोघडी चाचपून पाहावं लागत नाही. उठवणारा जागा आहे.