लांब नळीचं पिस्तूल

पडेगावच्या पुढं, जिथं शहर संपून माळ सुरू होतो, तिथं आम्ही घर बांधलं तेव्हा आजूबाजूला पाच-सहाच घरं होती. दुपारी इतकी शांतता असायची की दोरीवरचा चिमटा फरशीवर पडला तरी आतल्या खोलीत ऐकू यायचा. मला ती शांतता आवडायची. सुट्टीच्या दिवशी खिडकीपाशी बसलं की समोरचे डोंगर हळूहळू निळे होत जायचे आणि चहा गार झालेला कळायचा नाही.

सासऱ्यांना मात्र ती शांतता सोसायची नाही. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. सासूबाई गेल्यावर मामा गंगापूरकडचं शेत बटईनं लावून आमच्याकडं राहायला आले. जन्मभर शेतवस्तीवर राहिलेला माणूस. तिथल्या शांततेत त्यांना पाण्याचा पंप, बैलांच्या घंटा, दुरून कुणीतरी मारलेली हाक असं सगळं ऐकू यायचं. इथल्या शांततेत काहीच नव्हतं. त्यात शेजारचे लोक लग्नाला गेले असताना भरदिवसा त्यांचं घर फुटलं. आमच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर कुणी कुलूप तोडत होतं, आणि मामा ओसरीवर पेपर वाचत बसलेले होते. ते त्यांच्या जिवाला लागलं.

"गावाकडं बारा बोअर व्हती तवर कुनाची टाप नव्हती," ते संध्याकाळी म्हणाले. हात थरथरायला लागला तेव्हा ती बंदूक त्यांनी स्वतःच विकून टाकली होती. कप बशीत ठेवताना त्यांच्या हातून आता चहा सांडायचा. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि माझ्याकडं बघितलं. "तुझ्या नावानं परवाना काढ पोरी. तू कालिजात नेमबाजी करायचीस की."

मी चमकलेच. ती गोष्ट या घरात कुणाला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं, मामा?"

"तुला बघायला आलो तवा तुझ्या आईनंच सांगितलं व्हतं. लई कौतुकानं. मंग मी काय इसरतो व्हय?"

कॉलेजात असताना मी छावणीतल्या रेंजवर हवेच्या पिस्तुलानं नेम धरायचे. मग बँकेची परीक्षा, लग्न, बदल्या. ते सगळं कुणा दुसऱ्या मुलीचं आयुष्य असल्यासारखं मागं राहिलं. पण त्या रात्री झोपेत माझा उजवा हात कुणीतरी उचलून धरल्यासारखा वर आला, आणि सकाळी उठले तेव्हा तळव्यात वजनाची आठवण होती. नुसती वजनाची, वस्तूची नाही.

नवरा आधी हसला, मग गंभीर झाला. "हत्यार घरात आलं की ते आपल्या झोपेतसुद्धा घरातच असतं," तो म्हणाला. "पण हात तुझा आहे. तूच ठरव."

परवान्याला बरेच महिने लागले. चौकशा झाल्या, हेलपाटे झाले, प्रशिक्षण झालं. मी दोन कारणं सांगितली होती, नेमबाजीचा खेळ आणि घराचं रक्षण. एकाच पिस्तुलात दोन्ही बसवायचं होतं, आणि खरी अडचण तिथंच होती.

परवाना हातात आल्यावर मामा आणि मी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात गेलो. बाहेर रिक्षांची कलकल, आणि आत एकदम थंडगार अंधार, तेलाचा वास. दुकानदार म्हातारे होते, पांढरी दाढी, आवाज मऊ. त्यांनी काउंटरवर हिरवं कापड पसरलं आणि दोन पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही बत्तीस बोअरची. एक तळहाताएवढं, आखूड. दुसरं पूर्ण लांबीचं, लांब नळीचं, आणि नळीवरून मागंपुढं सरकणारा पोलादी भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तोही तसाच लांब.

"ये छोटा लो बेटी," ते म्हणाले. "पर्स में रह जाता. लेडीज लोगां यहीच लेते. वो लंबा कौन उठाता?"

"बरुबर हाय," मामा म्हणाले. "ल्हानच बरं."

मी लांबच उचललं. दुकानदारांनी ते आधी उघडून रिकामं असल्याचं दाखवलं होतं. मी कोपऱ्यातल्या भिंतीकडं हात लांब केला, आणि बाहेरची कलकल हळूहळू ओसरत गेली, कुणी दूरवर नेऊन ठेवल्यासारखी. वजन पुढं होतं. त्यामुळं हात आपोआप शांत व्हायचा, पाण्यात धरलेल्या काठीसारखा. मागची खाच डोळ्याजवळ आणि पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक खुंट, लांब नळीच्या टोकाला. त्या दोहोंत अंतर जितकं जास्त, तितकी हाताची बारीक चूकही आधी डोळ्याला दिसते. आखूड पिस्तुलात तीच चूक लपून राहते आणि थेट कागदावर कळते.

हे मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नाही.

"चोर काय पंचवीस मीटरावर हुबा ऱ्हातो व्हय? आन् येवडं लांब धूड घरात फिरवनार कसं? दाराला अडकंल."

"मी ते घेऊन घरभर फिरणार नाही, मामा. एका जागी उभी राहीन."

"आन् चोर?"

यावर दुकानदार हसले, मीही हसले. मामा हसले नाहीत. आम्ही काहीच न घेता परत आलो.

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांना छावणीत घेऊन गेले. धुकं होतं. मोठ्या झाडांचे फक्त बुंधे दिसत होते, वरचा पसारा कुठंतरी ढगात गेलेला. रेंजवरचे प्रशिक्षक म्हणजे निवृत्त सुभेदार, कमी बोलणारे. त्यांच्याकडं स्वतःचं लांब नळीचं पिस्तूल होतं, आणि एका सभासदाचं आखूडही तिथं होतं. आपल्या नजरेखाली दोन्ही चालवून बघायला त्यांनी परवानगी दिली. मामा मागं लोखंडी खुर्चीवर शाल पांघरून बसले, कानात कापूस घालून.

आधी आखूड घेतलं. गोळी सुटली की ते हातातून उसळी मारायचं, धरलेल्या चिमणीसारखं. कागदावर भोकं इकडं-तिकडं, जणू वेगवेगळ्या माणसांनी पाडलेली. मग लांब. सुभेदार मागून म्हणाले, "कागदाकडे बघू नका. माशीकडे बघा. माशी लख्ख दिसली पाहिजे, कागद धूसर झाला तर होऊ द्या."

मला हे आठवत होतं. कितीतरी वर्षं कुणी हे बोललं नव्हतं, तरी आठवत होतं. श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबले. माशीची काळी कड इतकी स्वच्छ झाली की तिच्यावरचं दंवसुद्धा दिसेल असं वाटलं. बाकी जग मऊ झालं. कागद, मातीचा बांध, धुकं, सगळं एकाच दुधात विरघळलेलं. चाप कधी ओढला गेला ते मला कळलंच नाही. आवाज झाला तेव्हा मी स्वतःच जरा दचकले.

कागद जवळ आणला तेव्हा भोकं एकमेकांना चिकटून होती. मामांनी कागद दोन्ही हातांत धरला. तो त्यांच्या हातात थरथरत होता, म्हणून मी खालून आधार दिला. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"लांबच घे," ते म्हणाले.

अशा रीतीनं ते घरात आलं. कपाटात पोलादी पेटी बसवली, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवली. रविवारी सकाळी मामा आणि मी छावणीत जायचो. वर्षभरात मी मनानं चांगली हलकी झाले. आठवडाभर बँकेत माणसांशी बोलून डोकं गच्च भरायचं, आणि रविवारी त्या एका काळ्या कडेकडं बघत सगळं बाहेर वाहून जायचं. मामा झाडाखाली डुलक्या घ्यायचे. परत येताना गाडीत आम्ही दोघंही फारसं बोलायचो नाही. झोपेतून पुरते जागे न झालेल्या माणसांसारखे असायचो.

घराच्या रक्षणाचं मात्र मी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

तो दुसरा शनिवार होता. थंडीची दुपार, नवरा गावाला गेलेला, मामा पुढच्या खोलीत झोपलेले. वीज गेली होती. फ्रीजची घरघरसुद्धा नाही. मी पलंगावर आडवी होऊन अर्धवट झोपेत होते. आणि मागच्या दाराची जाळी वाजली. कुणीतरी ती हलवून बघत होतं.

"कोण?" मी विचारलं.

उत्तर नाही. पुन्हा जाळी वाजली.

"कोण आहे?"

"अंऽ" असा काहीतरी घशातला आवाज आला.

त्यानंतर मी जे केलं ते स्वप्नात केल्यासारखं केलं. मधल्या खोलीत जाऊन काडतुसं घेतली. पेटी उघडली, पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये काडतुसं भरून ते बसवलं. स्लाइड मागं ओढून सोडली, तिचा आवाज त्या शांततेत केवढा तरी मोठा वाटला. मी बोळाच्या टोकाला उभी राहिले. समोर मागचं दार, लाकडी दार उघडं आणि जाळीचं बंद. पलीकडं ऊन, आणि उन्हात एक उंच आकृती, खांद्यावर काहीतरी लादलेलं.

हात वर आला. मी उचलला असं म्हणता येणार नाही, तो आला. बोट चापाच्या बाहेर होतं, एवढं मला नक्की आठवतं. श्वास अर्ध्यावर थांबला. आणि माशी लख्ख झाली. तिची काळी कड अगदी स्वच्छ, रविवारच्या सकाळी दिसायची तशी. आणि तिच्या मागं तो माणूस धूसर झाला.

तो धूसर झालेला मला दिसला. चेहरा नाही, वय नाही, काही नाही. नुसता एक मऊ काळा डाग, कागदावर असतो तसा.

मी हात खाली केला, नळी फरशीकडं. आणि हात खाली गेल्याबरोबर तो माणूस स्पष्ट व्हायला लागला. आधी टोपी. मग पांढऱ्या मिशा. मग खांद्यावरचं पोतं. मग फुगलेला गाल. त्यानं एक बोट वर करून जरा थांबा अशी खूण केली, मागं वळून मोरीकडं तंबाखू थुंकली आणि तोंड पुसत म्हणाला, "बाईसाहेब, मालक हायेत का? हुरडा आणलाय. पुढची बेल वाजंना, म्हून मागून आलो."

मामांचं शेत बटईनं करणारा माणूस. मी त्याला एकदाच, सासूबाईंच्या दहाव्याला पाहिलं होतं. तोंडात तंबाखू होती म्हणून तो बोलला नव्हता. आत अंधार होता, त्याला जाळीतून काहीच दिसलं नव्हतं.

"थांबा हं, आले," मी म्हणाले. आत जाऊन मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली. नळीतलं काडतूस गादीवर पडलं. पेटी बंद केली. मग दार उघडलं.

संध्याकाळी अंगणात गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली. मामा आणि तो गावाकडच्या गप्पा मारत बसले, कुणाची विहीर आटली, कुणाची पोरगी डॉक्टर झाली. मी कणसं चोळून गरम हुरडा त्यांच्या पुढं ठेवत होते आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. बघवत होतं तितकं बघत होते. डाव्या भुवईत एक जुना व्रण. खालचा एक दात नाही. हसताना तो आधी मामांकडं बघायचा, मग हसायचा. धुरानं त्याच्या डोळ्याला पाणी आलं तेव्हा त्यानं ते खांद्याला पुसलं. मला वाटलं, हा सगळा माणूस दुपारी तिथंच उभा होता.

तो गेल्यावर मी मामांना सांगितलं. लपवावं असं मनातही आलं नाही. ते आरातली राख काडीनं उकरत ऐकत होते.

"त्याला चार लेकरं हायेत," ते शेवटी म्हणाले. आणि मग, "हात खाली केलास नव्हं. झालं तर."

"मामा, आता हे मी फक्त खेळायला ठेवणार. घरासाठी नाही."

"व्हय. घराला काय, चांगला दिवा लावू, आन् एक कुत्रं आनू." त्यांनी काडी आरात टाकली. "मलाच भ्या वाटत व्हतं पोरी. तुझ्या गळ्यात घातलं."

नवरा परत आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्यानं दुसऱ्याच दिवशी बेल इन्व्हर्टरवर जोडून घेतली. मागच्या दाराला भक्कम लोखंडी जाळी बसवली, अंगणात दिवा लावला. कुत्रंही आलं, एक पिवळसर, आळशी, येईल त्याच्यापुढं शेपूट हलवणारं.

पुढचे दोन रविवार मी छावणीत गेले नाही. तिसऱ्या रविवारी मामाच शाल पांघरून गाडीपाशी येऊन उभे राहिले. "चल," म्हणाले, "मला तिथं झोप चांगली लागती." त्या दिवशी माशी लख्ख झाली आणि कागद धूसर झाला तेव्हा मी क्षणभर हात खाली घेतला, पुढं नीट पाहिलं. कागदच होता. मग पुन्हा वर घेतला. सुभेदारांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, बघत होते."

गेल्या उन्हाळ्याआधी रेंजवर सभासदांची छोटीशी स्पर्धा झाली. मी तिसरी आले. घरी आल्यावर मामा ओसरीवर बसून फोनवर मोठमोठ्यानं कुणाला तरी सांगत होते, "आमची सून पैली आली."

"मामा, तिसरी," मी दारातून म्हणाले.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "तुला काय करायचंय? माझा फोन हाय," म्हणाले, आणि पुन्हा फोन कानाला लावला.